भेगेचं टोक

सायकल कुरकुरत होती आणि बाबा त्याचा दोष सीटला देत होते.

सीटची नळी त्यांनी बाहेर काढली, पुसली, ग्रीस लावून पुन्हा बसवली. आवाज राहिला. मग पेडलं काढून बसवली, मधलं बेअरिंग उघडलं. तरी यमुनानगरच्या चढावर जोर लावला की तो कोरडा, बारीक आवाज यायचाच. शेवटी बाबा म्हणाले की जुनी सायकल आहे, बोलणारच, म्हातारी माणसं कुठं गप्प बसतात? आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काही बसतात." बाबा हसले. आमच्या घरात पुन्हा कोणी हसेल असं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

सायकल माझ्या धाकट्या भावाची, मिहिरची. डोंगरात चालवायची, जाड टायरांची, आणि घेतली तेव्हाच बरीच जुनी. पुनावळ्याच्या एका सोसायटीत कोणीतरी ती विकायला काढली होती. मोबाइलवर जाहिरात बघून मिहिर सकाळी गेला आणि दुपारी टेम्पोत घालून घेऊन आला. गिअर अडकलेले, ब्रेकच्या तारा गंजलेल्या, पुढचं चाक वाकडं. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"घेताना नीट बघितलीस?"

"सगळं बघून घेतलीय."

"मग ही अशी का आहे?"

"म्हणून तर तुमच्याकडे आणलीय."

बाबा, म्हणजे नंदकिशोर, पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं बाक मांडलं. त्यावर वस्तू आवळून धरायचा व्हाइस, भिंतीवर आकारानुसार टांगलेल्या कानशी, करवती, पाने. मिहिर हिंजवडीत नोकरी करायचा आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसायचा. त्या बाकाकडे तो कित्येक वर्षांत फिरकला नव्हता, आणि त्याला कारण होतं.

बाबा ज्या प्रशिक्षण केंद्रात शिकले, तिथे एक रीत होती. ज्याचा जॉब, म्हणजे त्याने घडवलेला भाग, रिजेक्ट होईल, त्यानेच तो करवतीने कापायचा, सगळ्यांसमोर, आणि जिथे दोष आहे तिथूनच. रीत शहाणपणाची आहे. नाकारलेला भाग अख्खा राहिला तर कधी ना कधी कोणीतरी तो चुकून मशिनवर चढवतो. मी चाकणच्या एका कंपनीत धातूंच्या तपासणीचं काम करते. आम्हीही नाकारलेला भाग तोडल्याशिवाय भंगारात जाऊ देत नाही. पण बाबांनी ही रीत घरी आणली. दहावीच्या सुट्टीत मिहिरने लोखंडाचा एक ठोकळा घासून बाबांसाठी पेपरवेट केला होता. बाबांनी त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावला, फटीतून दिसणारा उजेड त्याला दाखवला आणि करवत त्याच्या हातात दिली. मिहिरने ठोकळा कापला, करवत खिळ्याला अडकवली आणि क्रिकेट खेळायला निघून गेला. बाबा आईला म्हणाले, चिडला नाही, म्हणजे समजलं त्याला.

सायकलीमुळे तो परत त्या शेडमध्ये आला. उन्हाळाभर सुट्टीच्या दिवशी सकाळी नाश्ता झाला की दोघं शेडमध्ये जायचे. मी कामावर निघेपर्यंत खिडकीतून ऐकायचे. बाबा त्याला पाना कसा धरायचा ते सांगायचे आणि तो म्हणायचा की बाबा, व्हिडिओत वेगळं दाखवलंय. बाबा म्हणायचे, मग त्या व्हिडिओलाच बोलव चहाला. जुनी चेन गेली, तारा गेल्या, टायर गेले. ब्रेक आणि मागचे गिअर भीमराज सायकलवाल्यांकडून आले. पुढच्या चाकाची रिम बदलली. सायकलीची मूळची म्हणावी अशी वस्तू एकच राहिली, फ्रेम.

काम करताना बाबा त्यांच्या जुन्या गोष्टी सांगायचे. त्यांतली एक आम्हाला तोंडपाठ होती. कारखान्यातल्या एका जुन्या प्रेसच्या बिडाच्या अंगाला भेग गेली होती. नवीन प्रेस यायला वेळ होता. तेव्हा त्यांच्या उस्तादांनी भेगेचं टोक शोधलं आणि बरोब्बर तिथे एक गोल भोक पाडलं. "भेग टोकाने पुढे सरकते," बाबा सांगायचे. "टोकच काढून घेतलं की तिला पुढे जाता येत नाही. पण भोक पाडलं की कड मारायची, घासून बोथट करायची. धारदार कड ठेवली तर तिथून नवीन भेग निघते." ती प्रेस पुढे कित्येक वर्षं चालली. मिहिर ही गोष्ट चालू असताना मोबाइल बघत असायचा. बाबा मला म्हणायचे, तूच ऐक बाई, याला भिंतीशी बोलल्यासारखं आहे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला सायकल तयार झाली. मिहिरने तिच्यावर शेवटचा हात फिरवला तो एका स्टिकरने. आमच्या कंपनीत तपासणीतून पास झालेल्या भागावर हिरवा गोल स्टिकर लागतो, वर पांढऱ्या अक्षरात ओके. माझ्या बॅगेला एक चिकटून घरी आला होता. मिहिरने तो उचलला आणि हँडलखाली जिथे तिरपी नळी येऊन जोडलेली असते, त्या सांध्याजवळ खालच्या अंगाला लावला.

मी म्हटलं, अरे, लावायचाच तर दिसेल असा लाव. तो म्हणाला, "तिथे ऊन लागत नाही, ताई. टिकेल." मग बाबांकडे वळून म्हणाला, "आता काही बोलायचं काम नाही. मेटलर्जिस्टने पास केलीय."

भंडारा डोंगरावर सायकलने चढायचं त्याच्या मनात होतं. इंद्रायणीच्या पलीकडे, देहूपासून जवळच. वर देवळापर्यंत गाडीरस्ता जातो. बाबांना तो म्हणाला होता की तुम्ही मागून स्कूटरवर या, मी दमलो की ढकला. पाऊस उघडला की जायचं ठरलं. पाऊस उघडायच्या आत, गणपतीच्या आधी, त्याला ताप आला. डेंग्यू होता. डॉक्टरांनी करण्यासारखं सगळं केलं. तो सव्वीस वर्षांचा होता.

त्यानंतरच्या महिन्यांचं सांगण्यासारखं फार नाही. आई स्वतःला कामाला जुंपून घेऊन उभी राहिली. बाबा बसले ते बसलेच. दाढी वाढली. टीव्ही बंद असताना ते टीव्हीकडे बघत बसायचे. कोणी भेटायला आलं तर बसा म्हणायचे, आणि तो माणूस जाईपर्यंत पुन्हा काही बोलायचे नाहीत. आई त्यांच्या पुढ्यात ताट ठेवायची आणि जेवण होईपर्यंत समोरून उठायची नाही, कारण ती उठली की ते जेवायचे थांबत.

थंडी सरताना एका सकाळी शेडमधून पंप मारल्याचा आवाज आला. मी गेले तर बाबा खाली बसून मागच्या चाकात हवा भरत होते. म्हणाले, उभी राहून टायर खराब होतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी चेन पुसली. मग सीट खाली घेतली, कारण मिहिर त्यांच्यापेक्षा उंच होता. मग एक दिवस सायकल घेऊन ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. हळूहळू तळवड्यापर्यंत, मग देहूपर्यंत. शेजारचे दौलतराव फाटकातून ओरडायचे, "नंदूशेठ, हिमालय गाठताय काय?" आणि बाबा हात वर करून निघून जायचे. देहूला घाटावर बसून चहा प्यायचे आणि घरी येऊन भूक लागली म्हणायचे. ते पहिल्यांदा तसं म्हणाले तेव्हा आई पोळपाट घेऊन पाठमोरी उभी राहिली.

मिहिरचं वर्षश्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी भंडारा डोंगर चढायचा, असं त्यांनी ठरवलं. आई म्हणाली, गुडघे बघा आधी. पण तिने त्यांच्यासाठी डब्यात न्यायला लाडू करायचं मनात धरलं होतं. मला डाळ भाजल्याचा वास आला तेव्हा कळलं.

कुरकुर सुरू झाली ती त्याच दिवसांत.

रविवारी कामावरून आल्यावर मी सायकल धुवायला घेतली. पावसाचा चिखल खालच्या अंगाला फार बसतो, म्हणून ती उलटी केली. स्टिकर अजून हिरवाच होता. त्याच्या कडेतून एक रेघ बाहेर आली होती, केसाएवढी. रंगाचा ओरखडा असेल म्हणून मी नख फिरवलं. ओरखड्यावर नख घसरतं. इथे नख अडकलं.

मी आईजवळ जाऊन बसले. ती मेथी निवडत होती. मी तिला सांगितलं की फ्रेमला भेग असावी, खात्री करावी लागेल, आणि असली तर सायकल चालवता येणार नाही.

"वेल्डिंग कर," ती म्हणाली.

अ‍ॅल्युमिनियमला नुसतं वेल्डिंग पुरत नाही, शेजारचा धातू मऊ पडतो, मग तो तिथून तुटतो, असं मी सांगितलं. ती ऐकून घेत होती, देठ एका बाजूला आणि पानं एका बाजूला ठेवत.

"मागच्या वर्षी माझी दोन माणसं गेली होती, सुखदा," ती म्हणाली. "त्यातलं एक परत आलंय. तू ती भेग बघू नकोस ना."

"आणि डोंगराच्या उतारावर तुटली तर?"

जुडी संपली तरी तिची बोटं ताटात पानं शोधत राहिली.

मी बाबांना म्हटलं की ब्रेकचे रबर झिजलेत, नवीन बसवेपर्यंत सायकल काढू नका, आणि ते काढून ठेवले. आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी येताना मी भोसरीच्या दुकानातून तपासणीचे तीन डबे आणले. चाचणी साधी आहे. जागा स्वच्छ करून तिच्यावर लाल रंगाचा पातळ द्रव मारायचा. भेग असेल तर तो आत शिरतो. थोड्या वेळाने वरचा सगळा रंग पुसून काढायचा आणि वरून पांढरी भुकटी फवारायची. धातू अखंड असेल तर तो पांढराच राहतो. भेग असेल तर आत दडलेला लाल रंग हळूहळू वर येतो.

गुरुवारी सकाळी बाबा बाहेर पडले तेव्हा मी फ्रेमवरचं सगळं उतरवलं आणि ती बाकावर घेतली. आधी स्टिकर काढायला हवा होता. आईचा केस वाळवायचा ड्रायर आणून मी तो गरम केला आणि कडेने सोलत गेले. मला तो फाडायचा नव्हता. अख्खा निघाला. मी तो काचेच्या तुकड्यावर चिकटवून ठेवला.

खाली रंग खरवडलेला होता आणि मधोमध लांबीचा, भोकं बुजवायच्या पुट्टीचा, एक वाटोळा ठिपका होता. टाचणीने टोकरल्यावर ती लांबी निघाली. आत भोक होतं. गोल, लहान, नळीच्या भिंतीतून सरळ आरपार. त्याची कड मारलेली होती, सगळीकडून सारखी. सांध्यापासून निघालेली भेग त्या भोकापर्यंत आली होती. आणि भोकाच्या दुसऱ्या अंगाने पुढे गेली होती.

मिहिरला भेग सापडली होती. केव्हा, ते मला माहीत नाही. बहुधा रंग घासताना. त्याने तिचं टोक शोधलं, बाबा घरात नसताना भोक पाडलं, कड मारली, लांबी भरली आणि वर ओकेचा स्टिकर लावला. मी पाहिली असती तर फ्रेम नाकारली असती. बाबांनी पाहिली असती तर करवत त्याच्या हातात दिली असती, आणि त्यांच्या त्या सकाळी तिथेच संपल्या असत्या. उस्तादांची प्रेस बिडाची होती, जाड अंगाची आणि जमिनीत बोल्टांनी घट्ट बसवलेली. सायकलची नळी पातळ असते आणि प्रत्येक खड्ड्यात वाकते. हे त्या गोष्टीत नव्हतं.

मी लाल द्रव मारला, थांबले, पुसला. पांढरी भुकटी फवारत होते तेव्हा शेडच्या दारात बाबा उभे होते. हातात भीमराजच्या दुकानाची पिशवी होती, ब्रेकच्या रबराची. त्यांनी डब्यांकडे पाहिलं, मग फ्रेमकडे. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हे डबे ओळखायला सांगावं लागत नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसले.

लाल रेघ वर यायला वेळ लागतो. आम्ही दोघं त्या पांढऱ्या नळीकडे बघत होतो. पत्र्यावर पाऊस पडत होता. आधी भोकाभोवती गुलाबी कडं उमटलं. मग त्याच्या एका बाजूला रेघ, मग दुसऱ्या बाजूला, मग दोन्ही गडद झाल्या.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खूप जवळून पाहिलं. मला वाटलं ते भेगेबद्दल बोलतील.

"भोक सरळ पाडलंय," ते म्हणाले. "हातातल्या ड्रिलने, गोल नळीवर. सरकतं. पंच ठोकून खूण केली असणार आधी."

मी हो म्हटलं.

त्यांनी करंगळीचं टोक भोकाच्या कडेवर फिरवलं. बोटाला लाल लागलं. "कडसुद्धा मारलीय." मग म्हणाले, "मला वाटायचं, हा ऐकतच नाही."

त्यांचे खांदे हलायला लागले. रडताना मी त्यांना पाहिलं नव्हतं, तो गेला तेव्हाही नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पिशवी त्यांच्या मांडीवरून खाली पडली आणि रबराचे तुकडे बाकाखाली गेले.

शांत झाल्यावर त्यांनी विचारलं की ढकलत वर नेली तर चालेल का. मी म्हटलं, चालेल. बसायचं नाही, एवढंच. हातात धरून नेण्याने काही होत नाही. वर देवळापर्यंत जाऊ आणि ढकलतच खाली आणू. मी पण येते. त्यांना ते हवं होतं, हे मला दिसत होतं.

"नको," ते म्हणाले. "रिजेक्ट जॉब गावभर मिरवायचा नसतो." आणि मग, "उद्या माझाच पाय वळेल तिच्यावर बसायला. मी मला ओळखतो ना."

दुसरी फ्रेम घेऊन बाकी सगळं तिच्यावर चढवता येईल, हे मी सुचवलं. त्यांनी मान हलवली, पण ती नाही म्हणणारी की नुसती हललेली, ते कळलं नाही. उठून त्यांनी पांढरी भुकटी आणि लाल रंग फडक्याने पुसून काढला, आंघोळ घालताना पुसावं तसा, कानाकोपऱ्यातून. मग व्हाइसच्या जबड्यात जाड कापडाच्या घड्या घातल्या, फ्रेमला ओरखडा पडू नये म्हणून, आणि ती आवळली. करवत भिंतीवरून काढली. पातं तपासलं.

ज्याचा जॉब, त्याने कापायचा. ते त्यांच्या ओठांवर आलं असावं, कारण त्यांनी करवत क्षणभर माझ्या बाजूला धरली, तिथे मिहिर उभा असल्यासारखी, मग परत घेतली.

पातं त्यांनी भेगेवर टेकवलं. रीत तीच आहे, दोषातूनच कापायचं. पातं तिथे टेकलं आणि हललं नाही. मग त्यांनी ते उचललं आणि चार बोटं मागे, अखंड नळीवर ठेवलं.

असं कापलं तर दोष अख्खा राहतो. ते सांगणं माझं काम आहे. त्यासाठी मला पगार मिळतो. मी दोन्ही हातांनी फ्रेमचं दुसरं टोक धरलं, म्हणजे शेवटी ती खाली पडणार नाही.

अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं. फार वेळ लागला नाही. त्यांनी वरची आडवी नळीही कापली आणि हँडलकडचा तुकडा त्यांच्या हातात आला, भोकासकट. तो त्यांनी व्हाइसमध्ये उभा धरला आणि बारीक दातांची कानस घेतली.

ते कापलेल्या तोंडांची कड मारायला लागले. आधी बाहेरून, मग आतून. मध्येच थांबून बोट फिरवून बघायचे आणि पुन्हा सुरू करायचे. भंगारात जाणाऱ्या तुकड्याची कड कोणी मारत नाही. आई चहा घेऊन दारात आली, तिने बाकावर बघितलं, आणि कप हातात धरून तिथेच उभी राहिली.